धूर, ढग आणि गूळ : हवेतल्या सेंद्रिय कणांचे गुणधर्म

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे, 'वातावरणातील सेंद्रिय एरोसॉल कणांचे भौतिक गुणधर्म'. पण साताऱ्या-सांगलीच्या माणसाला हा विषय समजायला अवघड जाऊ नये. यातल्या बहुतेक गोष्टी तुम्ही गुऱ्हाळावर, पाचट पेटवलेल्या रानात आणि महाबळेश्वरच्या धुक्यात डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. आज त्यांचा एकमेकांशी संबंध काय, तेवढं बघायचं.

हा विषय का महत्त्वाचा, ते आधी सांगतो. पाचटाच्या किंवा चुलीच्या धुरातून निघालेला एक बारीक कण घ्या. तो जमिनीलगत राहिला तर माणसाच्या छातीत जातो. थोडा वर गेला तर समोरचा डोंगर दिसेनासा करतो. त्याहून वर गेला तर ढगातल्या थेंबाचं बीज होऊ शकतो. कण तोच आहे. तो यातलं काय करणार, हवेत किती दिवस राहणार, पाणी धरणार की नाही, हे त्याचा आकार, त्याची पाणी ओढण्याची ताकद आणि त्याचा चिकटपणा यांवर ठरतं. भौतिक गुणधर्म म्हणतात ते हेच.

सेंद्रिय म्हणजे चांगलं, असं नव्हे

'सेंद्रिय' म्हटलं की आपल्याला सेंद्रिय शेती आठवते, सेंद्रिय गूळ आठवतो. म्हणजे काहीतरी निर्मळ, रसायनाशिवायचं. आज हा शब्द त्या अर्थाने घ्यायचा नाही. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनचा सांगाडा असलेली संयुगं. साखर सेंद्रिय, तूप सेंद्रिय, कापूर सेंद्रिय, डिझेलही सेंद्रियच. आणि एरोसॉल म्हणजे हवेत तरंगणारे घन किंवा द्रव कण. ज्या कणांचा मोठा भाग अशा कार्बनी संयुगांचा असतो, ते सेंद्रिय एरोसॉल.

हे कण हवेत दोन वाटांनी येतात. पहिली वाट सरळ आहे. काहीतरी जळतं आणि कण थेट बाहेर पडतात. पाचट, लाकूड, गोवऱ्या, डिझेल, कचरा. पाचट पेटवल्यावर जो दाट पांढरा धूर दिसतो ना, ती नुसती वाफ नसते. उष्णतेने पाल्यातले पदार्थ फुटतात, वाफ होऊन वर येतात आणि गार हवेत आल्याबरोबर पुन्हा गोठून बारीक थेंब बनतात. पाला ओलसर असेल, नीट भडकत नसेल, धुमसत असेल, तर हे प्रमाण वाढतं. आग भडकून जळते तेव्हा काजळी जास्त निघते. धुमसते तेव्हा सेंद्रिय धूर जास्त.

दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही. संत्र्याची साल सोलली की वास येतो. तो लिमोनीन नावाच्या वायुरूप पदार्थाचा. झाडं असे पदार्थ सतत सोडत असतात. जगभरातली झाडंझुडपं वर्षाला साधारण १०० कोटी टन कार्बनी वायू हवेत सोडतात आणि त्यातला जवळजवळ निम्मा एकटा आयसोप्रीन असतो. या वायूंवर ओझोनची आणि इतर क्रियाशील घटकांची प्रक्रिया झाली की रेणू जड होतात. जड रेणूला वायू म्हणून राहणं जमत नाही, तो जवळच्या कणावर जाऊन बसतो. म्हणजे कण कुणी सोडला नाही, तो हवेतच तयार झाला. याला दुय्यम सेंद्रिय एरोसॉल म्हणतात. दूरच्या जंगलावर उन्हाळ्यात निळसर झाक दिसते, तिचं कारण हेच असावं असं फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० साली 'नेचर' नियतकालिकात मांडलं होतं. पुढे मोजमापांनी त्याच्या मुद्द्याला बळ मिळालं.

महाबळेश्वरचं अंजनी-जांभळाचं जंगल आणि खाली कृष्णाकाठचा ऊस. आपल्या दोन जिल्ह्यांत या दोन्ही वाटा शेजारी शेजारी आहेत.

किती बारीक, म्हणजे किती बारीक?

माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपण ज्या कणांबद्दल बोलतोय त्यातले पुष्कळसे ०.१ ते ०.५ मायक्रॉन इतके असतात. म्हणजे एका केसाच्या जाडीत ०.१ मायक्रॉनचे पाचशे ते सातशे कण ओळीने मावतील.

इतक्या बारीक कणाचं वजन त्याला खाली ओढायला पुरत नाही. रस्त्यावरची जाड धूळ काही मिनिटांत बसते. एक मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दिवसाला तीन-चार मीटर खाली येतो. ०.१ मायक्रॉनचा कण? दिवसभरात जेमतेम १० सेंटिमीटर, एका विटेच्या उंचीइतका. आणि हवा तर कधीच स्थिर नसते. त्यामुळे 'धूर बसला' असं आपण म्हणतो तेव्हा तो बसलेला नसतो, पातळ होऊन पुढच्या गावाला गेलेला असतो. असे कण हवेतून जातात ते प्रामुख्याने पावसाने. कोरड्या दिवसांत ते आठवडाभर किंवा त्याहून जास्त तरंगत राहू शकतात. एवढ्यात वारा त्यांना शेकडो किलोमीटर नेतो. वाळवा किंवा कराड तालुक्यातला धूर वाळवा किंवा कराड तालुक्यातच राहत नाही.

गूळ का पाझरतो?

आता पाण्याकडे येऊ. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर मीठ ओलं होतं. गुळाच्या ढेपेला पाझर सुटतो. पण दोघांच्या वागण्यात फरक आहे, तो लक्षात घ्या. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के होईपर्यंत कोरडंच राहतं आणि ती हद्द ओलांडली की एकदम विरघळायला लागतं. गुळाचं तसं नाही. गुळात साखर असते, ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, क्षार असतात, आणखी कितीतरी पदार्थ असतात. अशी सरमिसळ एका ठरावीक हद्दीची वाट बघत नाही. आधी जरा चिकट होते, मग मऊ, मग ओली, मग पाझर. हवा जशी दमट होत जाईल तशी ती पाणी घेत जाते.

हवेतला सेंद्रिय कण मिठासारखा नाही, गुळासारखा वागतो. त्यातही शेकडो, कधी हजारो प्रकारची संयुगं असतात आणि तो हळूहळू पाणी घेत फुगतो. मात्र त्याची पाणी ओढण्याची ताकद बेताची असते.

ही ताकद मोजायला शास्त्रज्ञ एक आकडा वापरतात, त्याला 'कप्पा' म्हणतात. ग्रीक अक्षर आहे ते. २००७ साली पेटर्स आणि क्रायडेनवाइस या दोघांनी ही सोपी पद्धत रूढ केली. मिठाचा कप्पा एकाहून थोडा जास्त. कोळसा आणि खतांमुळे हवेत येणारं अमोनियम सल्फेट, त्याचा साधारण ०.६. सेंद्रिय कणांचा शून्य ते ०.३ च्या दरम्यान, बहुधा ०.१ च्या आसपास. तेलकट ताजा धूर शून्याजवळ असतो. हवेत दोन-चार दिवस राहिला, ओझोनशी आणि उन्हाशी प्रक्रिया झाली, रेणूंना ऑक्सिजन जोडला गेला, की तो पाण्याला जास्त जवळ करतो. तेल पाण्यात मिसळत नाही पण साखर मिसळते, कारण साखरेच्या रेणूत ऑक्सिजन भरपूर असतो. कणाचं वय वाढलं की तो तेलाकडून साखरेकडे सरकतो, असं समजा.

९० टक्के आर्द्रतेत अमोनियम सल्फेटचा कण आपल्या कोरड्या आकाराच्या साधारण पावणेदोन पट फुगतो. ०.१ कप्पा असलेला सेंद्रिय कण सव्वापट.

ढगाला बी लागतं

शाळेत शिकवतात की हवा वर जाते, गार होते, बाष्पाचं पाणी होतं, ढग बनतो. बरोबर आहे. पण मधली एक पायरी राहून जाते. बाष्पाला बसायला जागा लागते.

स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास हे दाखवलं. एका भांड्यात साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेत धुकं दाटलं, गाळलेल्या हवेत काहीच नाही. धुळीचे कण नसले तर धुकंही नाही आणि ढगही नाही.

याचं कारण पाण्याच्या पृष्ठताणात आहे. थेंब जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त वाकलेला, आणि त्यावरचे रेणू तितके पटकन उडून जातात. हे लॉर्ड केल्व्हिन यांनी सांगितलं. शुद्ध पाण्याचा ०.०१ मायक्रॉनचा थेंब टिकवायचा असेल तर हवेची आर्द्रता १२३ टक्के लागेल. खऱ्या ढगात ती १०० च्या वर क्वचितच एक टक्का जाते. मग थेंब जन्मणार कसा?

तर कणात विरघळणारा पदार्थ असेल तर तो पाण्याला धरून ठेवतो. एकीकडे पृष्ठताण पाणी उडवायला बघतो, दुसरीकडे विरघळलेला पदार्थ ते धरायला बघतो. या ओढाताणीचं गणित स्वीडनच्या हिल्डिंग कोलर यांनी मांडलं. त्यांचा १९३६ चा लेख आजही आधार धरला जातो. त्या गणिताने आपलेच आकडे काढू. ०.१ मायक्रॉनचा अमोनियम सल्फेटचा कण घेतला तर आर्द्रता १०० च्या वर फक्त ०.१५ टक्के गेली तरी त्याचा ढगातला थेंब होतो. तेवढ्याच आकाराच्या सेंद्रिय कणाला साधारण ०.३७ टक्के लागतात. पण तोच सेंद्रिय कण ०.१८ मायक्रॉनचा झाला, म्हणजे दुपटीहूनही कमी वाढला, तर तोही ०.१५ टक्क्यांत थेंब बनतो.

यात मोठी गोष्ट दडलेली आहे. पाणी धरण्याची ताकद सहा पट कमी असली, तरी थोडा जास्त आकार ती उणीव भरून काढतो. म्हणून 'धुराचे कण पाण्याला नकोसे, त्यांचा ढगाशी काय संबंध?' असं म्हणून चालत नाही. धुरात मोठे कण पुष्कळ असतात. शिवाय काही सेंद्रिय पदार्थ रिठ्यासारखे असतात. रिठा पाण्यात टाकला की पृष्ठताण कमी होतो, तसाच तो थेंबावरही कमी होतो आणि काम आणखी सोपं होतं.

मग जास्त कण म्हणजे जास्त थेंब, म्हणजे जास्त पाऊस? नाही, इथे गल्लत होते. ढगातलं पाणी ठरावीक असतं. दहा जणांत वाटायचा लाडू शंभर जणांत वाटला तर प्रत्येकाला चिमूटभरच येणार. समुद्रावरच्या स्वच्छ हवेतल्या ढगात एका घनसेंटिमीटरला शंभरेक थेंब असतात, प्रदूषित हवेत ते पाचशे-हजार होतात, पण प्रत्येक थेंब लहान. पावसाचा दोन मिलिमीटरचा एक थेंब बनायला ढगातले २० मायक्रॉनचे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. ते एकमेकांवर आदळून एकत्र येतात. थेंबांची त्रिज्या साधारण १४ मायक्रॉनच्या वर गेली की ही आदळाआदळ जोर धरते. थेंब बारीकच राहिले तर ढग दिसतो, पण उथळ ढग न बरसता पुढे निघून जाऊ शकतो.

महाबळेश्वरची प्रयोगशाळा

हे सगळं मोजायचं कुठे? विमानातून मोजता येतं, पण विमान ढगात काही मिनिटंच असतं. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, जी १९६२ साली स्थापन झाली, तिने २०१२ साली महाबळेश्वरला उंचावरील ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली. जागा समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर. पावसाळ्यात ढग तिथे चालत येतो, इमारतच ढगात असते. ढगाकडे जायची गरज नाही.

तिथलं एक उपकरण कण वाळवतं, एका मापाचे निवडून बाजूला काढतं, दमट हवेतून नेतं आणि पुन्हा मापतं. किती पट फुगला, ते कळतं. दुसरं उपकरण कणांना १०० टक्क्यांच्या किंचित वरच्या आर्द्रतेत सोडतं आणि किती कणांचे थेंब झाले ते प्रकाशाच्या मदतीने मोजतं. तिसरं कणांची रासायनिक घडण सांगतं, म्हणजे सल्फेट किती, नायट्रेट किती, सेंद्रिय किती.

या मोजमापांतून दिसलेलं चित्र असं, की कोरड्या ऋतूत एक मायक्रॉनपेक्षा लहान कणांच्या वजनात सेंद्रिय भाग सर्वात मोठा असतो. थंड हवेचं ठिकाण, आजूबाजूला जंगल, तरीही. कारण वाऱ्याची दिशा. जून ते सप्टेंबर वारा समुद्रावरून येतो आणि पाऊस हवा धुऊन काढतो. हिवाळ्यात तो पूर्वेकडून, देशावरून येतो आणि गावांचा, शहरांचा, शेतांचा धूर सोबत आणतो. हिवाळ्याच्या रात्री गार हवा खोऱ्यात साठते, तिच्यावर उबदार थराचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. सकाळी कृष्णाकाठी जो धुरकट पट्टा दिसतो तो हा. ऊन चढलं की झाकण उघडतं आणि तीच हवा डोंगर चढून वर येते. कृष्णेचं पाणी महाबळेश्वरहून सांगलीला जातं, तर हिवाळ्याच्या दुपारी खालची हवा वर महाबळेश्वराकडे येते.

काकवी, गूळ आणि काच

आता मला सर्वात आवडणारा भाग. हा कण घन आहे की द्रव?

बरीच वर्षं शास्त्रज्ञ असं धरून चालले होते की सेंद्रिय कण म्हणजे द्रवाचे थेंब. २०१० साली फिनलंडमध्ये ॲनेले व्हिर्टानेन आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या जंगलातले कण एका पट्टीवर आदळवले. द्रव कण असते तर चिकटले असते. हे कण उसळून परत गेले, म्हणजे ते कडक होते. पण स्फटिकही नव्हते. त्यांनी सांगितलं की हे काचेसारख्या अवस्थेत आहेत.

काचेसारखी अवस्था म्हणजे काय, ते गुळव्याला विचारा. काहिलीत रस उकळतो. पाणी उडत जातं तसा तो घट्ट होतो. साधारण १०५ अंशाला काकवी होते. ११८ अंशाच्या आसपास काहील उतरवली, वाफ्यात ओतून घोटलं की गूळ. आणि तोच पाक आणखी तापवून पटकन गार केला की कडक, चकचकीत, काचेसारखा तुकडा, हातोडीने फुटणारा. पदार्थ तोच, फक्त आतलं पाणी कमी होत गेलं आणि रेणूंची हालचाल मंदावत गेली. काचेत रेणूंची मांडणी द्रवासारखीच विस्कळीत असते, पण ते जागचे हलत नाहीत.

या चिकटपणाला पुस्तकी भाषेत श्यानता म्हणतात. पाण्यापेक्षा मध साधारण दहा हजार पट श्यान. डांबराच्या जातीचा एक पदार्थ आहे, पिच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली तो एका नरसाळ्यात भरला आणि १९३० साली खालची नळी कापली. २०१४ पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले! काच त्याच्याही हजारो पट पुढे. सेंद्रिय कण या पूर्ण पट्ट्यात कुठेही असू शकतो. हवा दमट आणि उबदार असेल तर काकवी, कोरडी आणि गार असेल तर काच. आपल्याकडे जुलैतला कण आणि जानेवारीच्या दुपारचा कण, रसायन एकच असलं तरी दोन वेगळे पदार्थ असल्यासारखे वागतात.

याने फरक काय पडतो? पुष्कळ पडतो. काहीही जळताना बेंझोपायरीनसारखे कर्करोगाला कारण होणारे पदार्थ तयार होतात. हवेतला ओझोन त्यांना मोडतो, हा एक प्रकारे निसर्गाचा उपकार. पण ते काचेसारख्या कडक कणाच्या पोटात अडकले, तर ओझोन आत पोचत नाही. पातळ थेंबात जे रेणू क्षणात पृष्ठभागावर येतात, त्यांना कडक कणात तास, दिवस लागतात. म्हणजे कोरड्या थंडीत हे विष जास्त टिकतं आणि जास्त लांब जातं. आपला गळीत हंगाम नेमका याच ऋतूत सुरू असतो.

डोंगर का दिसत नाही?

थोडं प्रकाशाबद्दल. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. कणाचा आकार तरंगलांबीच्या जवळपास असला की तो प्रकाश सर्वात जोरात विखुरतो. आपले सेंद्रिय कण नेमके या पट्ट्यात किंवा त्याच्या दाराशी. हवा दमट झाली की ते फुगतात आणि आणखी जोरात विखुरतात. म्हणून सारख्याच धुरात दमट सकाळी डोंगर दिसत नाही आणि दुपारी दिसतो. मूठभर वाळू हवेत उडवली तर मागचं झाड दिसतं, पण त्याच वजनाचा धूर झाड झाकून टाकतो.

काही सेंद्रिय पदार्थ निळा प्रकाश शोषतात. त्यांना तपकिरी कार्बन म्हणतात. धुमसत्या पाचटाच्या धुरातून सूर्य तांबूस दिसतो, त्यात त्यांचा वाटा आहे. प्रकाश विखुरणारे कण जमीन थोडी गार ठेवतात, शोषणारे कण हवा तापवतात.

मग पाचटाचं काय करायचं?

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. ते पेटवायला एक काडी आणि अर्धा तास पुरतो. न पेटवता ठेवायचं तर मजूर लागतात, बुडखे छाटावे लागतात, पाणी द्यायला अडचण होते. हे मी नाकारत नाही. शेतकरी हौसेने पेटवत नाही.

पण हिशोब पूर्ण मांडला पाहिजे. पाचट सरीत दाबून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले की खोडव्याला आच्छादन मिळतं, पाणी वाचतं, तण कमी येतं, जमिनीत कार्बन जातो. जो कार्बन जमिनीत जायचा तो आपण हवेत पाठवतो, म्हणजे खत गमावतो आणि धूर कमावतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची हवा सुधारायची आहे, त्या यादीत सांगलीचं नाव आहे. शहराची हवा शहरातच बिघडते असं नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*पाचट जाळल्यामुळे माण-खटाव-जतला पाऊस कमी पडतो का?*

नाही, मूळ कारण ते नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. ही सह्याद्रीची पर्जन्यछाया आहे, ऊस यायच्या फार आधीपासूनची. आणि फेब्रुवारीतला धूर जुलैपर्यंत हवेत टिकत नाही. पण एप्रिल-मेमधल्या वळवाच्या ढगांच्या वेळी हवेत असा धूर असतो, आणि तिथे थेंबांची वाटणी बदलते. त्या मर्यादेत तुमचा प्रश्न रास्त आहे.

*मग ढगात बी पेरून कृत्रिम पाऊस पाडता येतो ना?*

बी पेरायला आधी ढग हवा, तोही पाणी भरलेला. कोरड्या आभाळात काही होत नाही. पुण्याच्या याच संस्थेने २००९ पासून 'कायपीक्स' प्रयोग केले. त्यातला एक टप्पा २०१८-१९ मध्ये सोलापूर भागात झाला. तिथे कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगाच्या तळाशी सोडले. ते कप्पा जास्त असलेले, पटकन मोठा थेंब करणारे. निवडक ढगांच्या खालच्या पट्ट्यात पाऊस सरासरी सुमारे १८ टक्के वाढल्याचं त्यांनी नोंदवलं. पण तो आधीच बरसू शकणाऱ्या ढगांतून मिळालेला जादा पाऊस आहे. दुष्काळावरचा उपाय म्हणून त्याकडे बघू नका. त्यापेक्षा पाणलोटाचं काम भरवशाचं.

*धुरात काम करताना तोंडाला रुमाल बांधतो, तो पुरतो का?*

धूळ अडते, धूर नाही. हे कण रुमालाच्या विणीतून सहज जातात. 'एन ९५' मास्क सर्वात अवघड आकाराचे, म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या जवळचे कण ९५ टक्के अडवतो, मात्र तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. श्वासनलिकेत आर्द्रता जवळजवळ पूर्ण असते, तिथे कण पुन्हा फुगतो आणि कुठे बसायचं ते बदलतं. दम्याचा माणूस, लहान मूल, गरोदर बाई, यांना धुरापासून लांब ठेवणं हाच खरा उपाय.

*गुऱ्हाळाचा धूरही असाच का?*

चुलवाणात काय आणि कसं जळतं त्यावर आहे. वाळलेलं चिपाड, हवा खेळती, आग भडकलेली, तर सेंद्रिय धूर कमी. ओलं चिपाड धुमसत असेल तर जास्त. धुराड्यातून दाट पांढरा धूर निघत असेल तर समजा की जळण वाया जातंय. जे जळायला हवं होतं ते न जळताच बाहेर चाललंय. आणि चुलवाणात टायर, प्लास्टिक कधीच टाकू नका. त्याची राख गुळात उतरली नाही तरी त्याचा धूर आपल्याच गावात उतरतो.

वेळ संपली आहे, इथेच थांबतो.